घटक ४ : ‘सा. न. वि. वि.’ – मराठी पत्रातील एका संक्षेपाचा इतिहास

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास –
• ‘सा. न. वि. वि.’ या संक्षेपाची फोड करून त्यातील प्रत्येक शब्दाचे पत्रातील कार्य सांगता येईल.
• मराठेकालीन पत्राच्या मायन्याची रचना आणि तिच्यातून हा संक्षेप कसा उरला, हे स्पष्ट करता येईल.
• मोडी लेखनातील संक्षेपचिन्ह आणि मुद्रणयुगातील पूर्णविरामचिन्ह यांतील फरक लक्षात घेता येईल.
• अभिवादनाचे शब्द आणि समाजातील श्रेणी यांचा संबंध उदाहरणांसह मांडता येईल.
• जुन्या पत्रातील संक्षेप उलगडताना कोणती दक्षता घ्यावी, ते सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण पत्र या गद्यप्रकाराची सर्वसाधारण ओळख करून घेतली. या घटकात आपण पत्राच्या केवळ एका ओळीचा, किंबहुना त्या ओळीतील चार अक्षरांचा विचार करणार आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांची जुनी पोस्टकार्डे जपून ठेवलेली असतील. त्यांवर सर्वांत वर मध्यभागी ‘श्री’ असते, उजव्या कोपऱ्यात गावाचे नाव व तारीख असते, त्याखाली ‘ती. दादांस’ किंवा ‘रा. रा. अमुक यांस’ असा उल्लेख असतो आणि मग मजकूर सुरू होण्यापूर्वी ‘सा. न. वि. वि.’ ही अक्षरे येतात.

ही अक्षरे आपण ओळखतो. पण वाचत नाही. डोळा त्यांच्यावरून पुढे सरकतो आणि ‘खरे पत्र’ पुढच्या ओळीपासून सुरू होते असे आपण मानतो. लिहिणाऱ्याचीही बहुधा तीच स्थिती असते. हात सवयीने ती अक्षरे उमटवतो आणि मन पुढच्या मजकुराकडे लागलेले असते. तथापि, भाषेच्या अभ्यासकाने जिथे सवय असते तिथे थांबावयाचे असते. एके काळी या चार अक्षरांच्या जागी पूर्ण शब्द होते, त्या शब्दांना वजन होते आणि त्यांतील एका शब्दाच्या वापरावरून तंटे होऊन सरकारला हस्तक्षेप करावा लागला होता. शब्द आखडून अक्षरे झाली तेव्हा हा इतिहास दिसेनासा झाला. तो पुन्हा कसा वाचावा, हे या घटकात पाहू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ संक्षेपाची फोड

‘सा. न. वि. वि.’ म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. या चार शब्दांचा क्रमाने विचार करू.

साष्टांग : ‘स + अष्ट + अंग’, म्हणजे आठ अंगांसह. परंपरेने ही आठ अंगे छाती, मस्तक, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे अशी सांगितली आहेत. या यादीत केवळ शरीराचे अवयव नाहीत; दृष्टी, मन आणि वाणीही आहेत, ही बाब लक्षणीय आहे. पत्र लिहिणारा दूर असतो. भूमीवर आडवे होऊन करावयाचा नमस्कार त्याला प्रत्यक्ष करता येत नाही. त्याच्याजवळ वाणी तेवढी असते आणि तीही कागदावरची. प्रत्यक्ष कृतीची जागा येथे शब्द घेतो.

नमस्कार : हा शब्द आज सर्वसामान्य वाटतो. तो नेहमी तसा नव्हता, हे आपण ४.३.५ मध्ये पाहणार आहोत.

विनंती : पत्र लिहिणारा जे काही सांगणार आहे ते ‘विनंती’ म्हणून सांगतो. त्यात मागणी असेलच असे नाही. केवळ वृत्तांतही असेल. तरीही त्याला विनंती म्हणणे हा विनयाचा संकेत होय. जुन्या पत्रांच्या शेवटी येणाऱ्या ‘हे विनंती’ या शब्दांतही हाच अर्थ आहे. पत्राच्या दोन्ही टोकांना विनंती असते आणि मजकूर त्यांच्यामध्ये ठेवलेला असतो.

विशेष : चारही शब्दांत सर्वाधिक दुर्लक्षित शब्द हाच. अनेक जण ‘विनंती विशेष’ म्हणजे ‘विशेष विनंती’ असा अर्थ घेतात. तो योग्य नाही. येथे ‘विशेष’ हे विनंतीचे विशेषण नसून स्वतंत्र सूचक शब्द आहे. ‘नेहमीचा शिष्टाचार येथे संपला, आता या पत्रापुरते जे वेगळे सांगावयाचे आहे ते ऐका’, असे तो सांगतो. आज आपण नवा परिच्छेद सुरू करून जे साधतो, ते काम हा एक शब्द करीत असे. पत्र पुष्कळदा मोठ्याने वाचून दाखविले जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा ऐकू येणाऱ्या खुणेचे महत्त्व पटते.

म्हणजे या संक्षेपाचे दोन भाग पडतात. पहिला भाग (सा. न.) नात्याचा आहे, लिहिणारा आणि वाचणारा यांचे परस्परस्थान तो सांगतो. दुसरा भाग (वि. वि.) रचनेचा आहे, तो पत्राला शिष्टाचाराकडून मजकुराकडे नेतो. पत्र कोणाचे कोणास आहे त्यानुसार पहिला भाग बदलतो, दुसरा बराचसा स्थिर राहतो. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ (कृ. सा. न. वि. वि.), ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ (स. न. वि. वि.), ‘दंडवत विनंती विशेष’, ‘रामराम विनंती विशेष’ ही सर्व एकाच साच्याची रूपे आहेत.

या साच्याला एक बोलका अपवाद आहे. वडील माणूस धाकट्यास लिहितो तेव्हा ‘चि. अमुक यास अनेक उत्तम आशीर्वाद (अ. उ. आ.) विशेष’ अशी सुरुवात होते. येथे ‘विशेष’ आहे, पण ‘विनंती’ सामान्यतः गळते. वडिलांनी मुलाला विनंती करावयाची नसते, आशीर्वाद द्यावयाचा असतो. एक ‘वि.’ कमी झाला की पत्राची दिशा उलटते!

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) रिकाम्या जागा भरा.
१) ‘सा. न. वि. वि.’ मधील शेवटचा ‘वि.’ म्हणजे ______ .
२) वडील माणसाने धाकट्यास लिहिलेल्या पत्रात सामान्यतः ______ हा शब्द येत नाही.
आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१) ‘कृ. सा. न. वि. वि.’ या संक्षेपाची फोड करा.

४.३.२ मायन्याचे पूर्ण रूप

हा संक्षेप ज्या मोठ्या रचनेचा अवशेष आहे, तिला ‘मायना’ म्हणतात. कोणास कसे संबोधावे, स्वतःचा उल्लेख कसा करावा, शेवट कसा करावा, हे मायन्याचे शास्त्र कारकुनी शिक्षणाचा महत्त्वाचा भाग होते. यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘मेस्तका’ची परंपरा अशा लेखनशिस्तीशी जोडली जाते. गुजरातेतील ‘लेखपद्धति’ हा संस्कृत ग्रंथ तर पत्रांच्या व दस्तऐवजांच्या नमुन्यांचाच संग्रह आहे. शिवकालात सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’तही लेखनविषयक शब्दांना स्वतंत्र वर्ग दिलेला आढळतो. राज्य चालविण्यासाठी जसा खजिना लागतो तसा मायनाही लागतो, अशी त्या काळाची समजूत होती.

अठराव्या शतकातील पत्राचा सर्वसाधारण साचा कळावा म्हणून पुढील नमुना अभ्यासासाठी तयार केला आहे :

श्री
रा॥ रा॥ अमुकपंत स्वामींचे सेवेसी
पो॥ तमुक कृतानेक सा॥ नमस्कार वि॥ उपरी येथील कुशल ता॥ छ ५ सफर मु॥ पुणे जाणून स्वकीय कुशल लिहीत असले पाहिजे. विशेष. (येथे मजकूर) … बहुत काय लिहिणे. लोभ असो दीजे हे विनंती.

याचे आजच्या मराठीत रूप असे होईल : ‘राजमान्य राजश्री अमुकपंत यांच्या सेवेशी, आपल्या आश्रयाने पोसल्या जाणाऱ्या तमुकाचा अनेकवार साष्टांग नमस्कार. विनंती अशी की, सफर महिन्याच्या पाचव्या तारखेपर्यंत पुणे मुक्कामी आम्ही कुशल आहोत, असे जाणून आपले कुशल कळवीत जावे. आता विशेष ते असे…’

या साच्यात ठरावीक पायऱ्या दिसतात : देवतास्मरण, संबोधन, लिहिणाऱ्याचा स्वतःविषयीचा उल्लेख, अभिवादन, विनंती, क्षेमकुशल, विशेष, मजकूर आणि समारोप. ‘पोष्य’ म्हणजे ज्याचे पोषण करावयाचे तो. लिहिणारा स्वतःला असे लहान करून घेतो. बरोबरीच्या नात्यात याच जागी ‘स्नेहांकित’ येई आणि तोही ‘स्ने॥’ असा आखडून लिहिला जाई. छत्रपतींच्या आज्ञापत्रात मात्र या सर्व नम्रतेच्या जागी ‘आज्ञा केली ऐसीजे’ ही शब्दावली दिसते. राजा विनंती करीत नाही. पत्राच्या अखेरीस उमटणारी ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सुद’ या अक्षरांची मुद्रा मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही वाढवू नये, याची हमी देत असे.

आता पोस्टकार्डावरील ‘सा. न. वि. वि.’ कडे पुन्हा पाहा. वरील पायऱ्यांपैकी अभिवादन, विनंती आणि विशेष या तीन पायऱ्या या चार अक्षरांत उरल्या आहेत. विनंती आणि विशेष यांच्यामधील क्षेमकुशलाचे वाक्य गळून पडले आणि ते दोन शब्द एकमेकांना येऊन चिकटले. म्हणूनच ‘विनंती विशेष’ हा जोडशब्द असल्यासारखा भासतो आणि त्याचा चुकीचा अर्थ लावला जातो.

४.३.३ मोडीतील संक्षेप

मोडी ही हात न उचलता जलद लिहिण्याची लिपी. तिच्यात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याचा आग्रह नसे. अशा सलग ओळीत एखादा शब्द अर्धवट लिहून सोडला आहे, हे दाखविण्यासाठी आद्याक्षरापुढे दोन उभ्या दंडांसारखी खूण केली जाई. राजमान्य राजश्री – रा॥ रा॥, मुक्काम – मु॥, मौजे – मौ॥, परगणे – प॥, निसबत – नि॥, दिम्मत – दि॥ ही त्याची नित्याची उदाहरणे होत.

यामागचे कारण व्यवहारातील होते. दफ्तरातील कारकुनाला हेच शब्द दिवसातून कितीतरी वेळा लिहावे लागत. जो शब्द सर्वांना ठाऊक आहे आणि जो ठरावीक जागीच येतो, तो पूर्ण लिहिण्याची आवश्यकता नसते. येथे संक्षेपाचा एक सामान्य नियम हाती लागतो : संक्षेप शब्दाचा होत नाही, त्याच्या अपेक्षित जागेचा होतो. ‘मु॥’ पुढे गावाचे नाव आहे म्हणूनच तो ‘मुक्काम’ आहे.

हा नियम विसरला तर वाचन चुकते. वरील नमुन्यात ‘ता॥’ हे अक्षर ‘तागाईत’ म्हणजे ‘पर्यंत’ या अर्थाने आले आहे. आजचा वाचक सवयीने तेथे ‘तारीख’ किंवा ‘तालुका’ वाचण्याचा संभव असतो. दुसरी अडचण खुद्द खुणेची आहे. जुन्या मराठी हिशेबलेखनात । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा आणि ॥। म्हणजे पाऊण. त्यामुळे ‘४॥’ हे ‘साडेचार’ आहे, तर ‘मु॥’ मधील तीच खूण शब्द अपुरा असल्याचे सांगते. अंकापुढे आली तर तिचे मोल एक आणि अक्षरापुढे आली तर दुसरे.

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि मोडी पत्रे बालबोधीत छापण्याच्या कार्यास मोठी चालना मिळाली. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ते पुढे नेले. छापताना संपादकासमोर प्रत्येक ओळीत एक प्रश्न असे : मूळचा संक्षेप तसाच ठेवावा की उलगडून छापावा? तसाच ठेवला तर नवख्या वाचकास अडतो. उलगडला तर संपादकाची समजूत मूळ मजकूर म्हणून वाचली जाते. आपण छापील ऐतिहासिक पत्र वाचतो तेव्हा त्यातील पूर्ण शब्द मूळ लेखकाचा आहे की संपादकाने उलगडलेला, हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

४.३.४ दंडाकडून टिंबाकडे

एकोणिसाव्या शतकात संक्षेपाचे बाह्यरूप बदलले. मुद्रणाबरोबर बालबोध लिपीचा प्रसार झाला. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, १८४९ मध्ये पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ सुरू झाले. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर कँडी यांना दिले जाते. या चिन्हांबरोबर संक्षेपापुढे टिंब देण्याची पद्धत स्थिरावली. ‘रा॥ रा॥’ चे ‘रा. रा.’ झाले, ‘सा॥’ चे ‘सा.’ झाले. संक्षेपाची सवय एतद्देशीय आणि टिंब परदेशी, असा हा मेळ आहे. ‘सा. न. वि. वि.’ ही इंग्रजी आद्याक्षरांची नक्कल आहे, असे कोणी म्हटल्यास ते अर्धसत्य ठरेल; टिंब नवे होते, संक्षेप जुना होता.

दुसरा बदल टपालाने घडविला. १८७९ मध्ये भारतात पोस्टकार्ड सुरू झाले. त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा होती. सामान्य कुटुंबालाही पत्रव्यवहार परवडू लागला. मात्र जागा तळहाताएवढी होती. क्षेमकुशलाची लांब वाक्ये, ‘सेवेसी’, ‘पोष्य’ हे सारे त्या जागेत मावणारे नव्हते. पण मायना सर्वस्वी सोडून देणे हा उद्धटपणा झाला असता. ‘सा. न. वि. वि.’ ने ही अडचण सोडविली. चार अक्षरांत मर्यादा पाळली जाई आणि उरलेले कार्ड बाळंतपणाच्या बातमीला, पिकपाण्याला, पैशाच्या निकडीला मोकळे राही. शेवटही याच रीतीने ‘क. लो. अ.’ (कळावे, लोभ असावा) असा आखडला आणि राहून गेलेल्या गोष्टीसाठी ‘ता. क.’ (ताजा कलम) हाताशी होताच.

दफ्तरातील संक्षेप कारकुनाचे श्रम वाचवी, तर पोस्टकार्डावरील संक्षेप जागा वाचवी. शब्द तेच, गरज निराळी. शिवाय हा संक्षेप आता केवळ कारकुनाचा राहिला नाही. शाळेत पत्रलेखन शिकणाऱ्या मुलामुलींच्या अनेक पिढ्यांना तो पाठ झाला. अर्थ न कळताही लिहिता येण्याजोगा तो झाला आणि येथेच त्याचे शब्दपण संपून खूणपण सुरू झाले.

४.३.५ नमस्कार कोणी, कोणास?

आतापर्यंत आपण ‘सा. न.’ कडे विनयाचे शब्द म्हणून पाहिले. आता त्यांची दुसरी बाजू पाहू. जुन्या समाजात अभिवादनाचा शब्द ही व्यक्तीची निवड नव्हती. तो जन्माने ठरत असे. नमस्कार हा ब्राह्मणांच्या परस्परव्यवहारातील शब्द होता. इतरांना ते आशीर्वाद देत. मराठा सरदारांच्या पत्रांत ‘दंडवत’ आणि ‘रामराम’ आढळतात. महार ज्ञातीकडून ‘जोहार’ अपेक्षित असे. चोखामेळ्याच्या अभंगांत आणि संत एकनाथांच्या भारुडांत हा ‘जोहार’ आलेला आहे. तेथे तो भक्तीचा शब्द झाला असला, तरी त्याचे मूळ गावगाड्यातील श्रेणीत आहे.

या शब्दांच्या सीमा किती कडेकोट होत्या, याचे एक उदाहरण नोंदले गेले आहे. सोनार ज्ञातीतील लोक अभिवादनासाठी ‘नमस्कार’ हा शब्द वापरतात, यावरून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यात व ब्राह्मणांत वाद उद्भवला. १७७९ मध्ये मुंबईच्या ईस्ट इंडिया कंपनी सरकारने सोनारांना हा शब्द वापरण्यास मनाई केली. जो शब्द आज आपण बसवाहकापासून न्यायाधीशापर्यंत कोणासही सहज उच्चारतो, तो उच्चारण्यास सरकारी हुकमाने बंदी होती!

या पार्श्वभूमीवर पोस्टकार्डावरील ‘सा. न.’ निराळा दिसू लागतो. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत शाळा, टपाल आणि मुद्रण यांच्या योगाने हा मायना सर्व ज्ञातींच्या हाती गेला. ज्यांना हा शब्द नाकारला गेला होता, त्यांच्या नातवंडांनी तो पाटीवर गिरविला. संक्षेप झाल्यामुळे शब्दाचा अर्थ पुसट झाला, हे नुकसान खरे. पण त्याबरोबर त्याचा ज्ञातीचा डागही पुसट झाला, हा लाभही तितकाच खरा आहे. दुसरीकडे, आंबेडकरी चळवळीने जुन्या श्रेणीतील कोणताच शब्द उसना न घेता ‘जय भीम’ हे स्वतःचे अभिवादन स्वीकारले आणि ते पत्राच्या प्रारंभीही लिहिले जाऊ लागले. ‘जोहार’ च्या जागी ‘नमस्कार’ मागणे हा एक मार्ग होता. श्रेणीच नाकारून नवा शब्द घडविणे हा दुसरा.

सर्वच संक्षेपांचा डाग असा पुसट झाला नाही. नावापूर्वीचे संक्षेप पाहा. पुरुषाच्या नावामागील ‘रा. रा.’ वा ‘श्री.’ त्याच्या विवाहाविषयी काही सांगत नाही. स्त्रीच्या नावामागील ‘कु.’, ‘सौ.’, ‘गं. भा.’ मात्र तेवढेच सांगतात. ‘गं. भा.’ म्हणजे ‘गंगाभागीरथी’. अर्थ पवित्र नद्यांचा. पण वाचणाऱ्यास कळते ते एवढेच, की ही स्त्री विधवा आहे. एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगाभागीरथी’ हा शब्द शासकीय वापरात आणण्याचा विचार महाराष्ट्रात पुढे आला, तेव्हा त्यावर मोठी टीका झाली. शब्द आदराचा असल्याने त्यातील भेद नाहीसा होतो काय, हा त्या वादातील कळीचा प्रश्न होता. संक्षेपाचा अभ्यास हा केवळ जुन्या कागदांचा अभ्यास नाही, हे यावरून ध्यानात यावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) योग्य पर्याय निवडा.
१) मोडी पत्रात अक्षरापुढील ‘॥’ ही खूण काय दर्शविते? (क) अर्धा (ख) संक्षेप (ग) वाक्याचा शेवट
२) भारतात पोस्टकार्ड केव्हा सुरू झाले? (क) १८३२ (ख) १८४९ (ग) १८७९
आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१) १७७९ मध्ये मुंबई सरकारने कोणत्या शब्दाच्या वापरावर निर्बंध घातला?

४.३.६ ‘सा.’ चे ‘स.’ आणि पुढे

विसाव्या शतकात आणखी एक सूक्ष्म बदल झाला. ‘सा. न. वि. वि.’ च्या बरोबरीने ‘स. न. वि. वि.’ हे रूप सर्वत्र पसरले. ‘साष्टांग’ च्या जागी ‘सप्रेम’ आले. लेखनात फरक केवळ एका कान्याचा आहे. नात्यात मात्र फार मोठा. ‘साष्टांग’ मध्ये एक जण भूमीवर आणि दुसरा उभा आहे. ‘सप्रेम’ मध्ये दोघेही समोरासमोर आहेत. मित्राला, सहकाऱ्याला, संपादकाला, सोयऱ्याला – सर्वांना चालणारे रूप लोकांना हवे होते आणि एक काना गाळून ते मिळाले.

आज व्यक्तिगत पत्रेच विरळ झाली आहेत. कार्यालयीन पत्रात ‘महोदय’ वा ‘महोदया’ ने सुरुवात होते. ‘रा. रा.’ ची जागा ‘श्री.’ ने केव्हाच घेतली. तरी ‘स. न. वि. वि.’ पूर्णतः लोपलेले नाही. लग्नपत्रिकेत ते अजून टिकून आहे. तेथेही क्रम तोच आहे : वर देवतास्मरण, मग संबोधन, मग ‘स. न. वि. वि.’, आणि मग ‘विशेष’, म्हणजे विवाहाची वार्ता. मंगलप्रसंगी भाषा जुनी वस्त्रे बाहेर काढते, असे म्हणता येईल.

४.३.७ संक्षेप उलगडताना घ्यावयाची दक्षता

जुने पत्र वाचताना पुढील चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात.
१) जागा : संक्षेप पत्राच्या कोणत्या पायरीवर आहे? प्रारंभी, क्षेमकुशलात की समारोपात?
२) नाते : पत्र कोणाचे, कोणास? धाकट्याने वडिलांस लिहिले असल्यास ‘सा. न.’ आणि वडिलांनी धाकट्यास लिहिले असल्यास ‘आ.’ अपेक्षित असतो. अपेक्षेविरुद्ध काही आढळल्यास ती चूक मानण्याची घाई करू नये. नाते बदलल्याची ती खूण असू शकते.
३) काळ : खूण दंडाची आहे की टिंबाची? ‘सा.’ आहे की ‘स.’?
४) प्रत : आपल्यासमोर मूळ पत्र आहे की छापील प्रत? छापील असल्यास संक्षेप संपादकाने उलगडला आहे काय?

४.४ सारांश

‘सा. न. वि. वि.’ हा ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ या शब्दांचा संक्षेप असून तो मराठेकालीन मायन्याचा अवशेष आहे. त्याचा पूर्वार्ध नाते सांगतो आणि उत्तरार्ध पत्राला मजकुराकडे वळवितो. मोडीत ॥ या खुणेने दाखविला जाणारा संक्षेप मुद्रणयुगात टिंबाने दाखविला जाऊ लागला. पोस्टकार्डाच्या अपुऱ्या जागेने चार अक्षरांचे रूप घरोघरी रुजविले. अभिवादनाचे शब्द एके काळी ज्ञातिश्रेणीने बांधलेले होते. ‘नमस्कार’ हा शब्द काहींना नाकारलाही गेला होता. पुढे तो सर्वांचा झाला आणि ‘साष्टांग’ कडून ‘सप्रेम’ कडे सरकला. जो शब्द वाचताना आपण थांबत नाही, त्यात समाजाने केलेली तडजोड आणि मिळविलेली समता या दोहोंची नोंद असू शकते.

४.५ पारिभाषिक शब्द, शब्दार्थ

मायना – पत्राच्या प्रारंभीची संबोधन व अभिवादनाची ठरावीक शब्दावली.
बालबोध – देवनागरी लिपीला मराठीत रूढ असलेले नाव.
तागाईत – पर्यंत.
निसबत – संबंध, ताबा.
दिम्मत – अखत्यारीतील विभाग वा तुकडी.
कृतानेक – अनेकवार केलेला.
मोर्तब सुद – शिक्का उमटविला, अशा अर्थाची अखेरची नोंद.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : अ) १) विशेष २) विनंती. आ) १) कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.
प्रश्न – २ : अ) १) (ख) संक्षेप २) (ग) १८७९. आ) १) सोनार ज्ञातीने अभिवादनासाठी ‘नमस्कार’ हा शब्द वापरण्यावर.

४.७ स्वाध्याय

अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१) ‘सा. न. वि. वि.’ या संक्षेपाच्या आधारे मराठी पत्राच्या मायन्यात झालेली स्थित्यंतरे स्पष्ट करा.
२) अभिवादनाचे शब्द आणि सामाजिक श्रेणी यांचा परस्परसंबंध सोदाहरण मांडा.

आ) टीपा लिहा
१) पत्रातील ‘विशेष’ या शब्दाचे कार्य
२) मोडी लेखनातील ‘॥’ ही खूण
३) ‘साष्टांग’ ते ‘सप्रेम’

इ) उपक्रम
आपल्या घरी वा परिचितांकडे असलेली दोन-तीन जुनी पत्रे, त्यांच्या मालकांची अनुमती घेऊन, वाचा. त्यांतील सर्व संक्षेपांची यादी करा व प्रत्येकाची फोड लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना हे संक्षेप कोणी शिकविले, कोणास कोणता मायना लिहिण्याची पद्धत होती आणि कोणता लिहू नये असे बजावले जाई, हे विचारून त्याची नोंद करा. ही माहिती ग्रंथांत क्वचितच सापडते; ती सांगू शकणारी माणसे आपल्या आसपास आहेत तोवरच ती मिळू शकते.